फ्लोरेन्सात मीठ नाही

माझे मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, यांच्याइतका नावं ठेवण्यात तयार झालेला माणूस तेरेखोलच्या किल्ल्यापासून काणकोणपर्यंत दुसरा सापडणार नाही. आणि सापडलाच तर मामा त्यालाही नावं ठेवतील. माझ्या लग्नात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भर मांडवात, माझ्यासमोर, त्यांनी माझ्या बायकोला, नंदाला, सांगितलं होतं, "रंग बरो आसा गो बाय, पूण मान आखूड." त्या दिवसापासून मी गळाबंद कपडे घालत नाही. पणजीत नवा पूल झाला तेव्हा आख्खा गोवा गाड्या घेऊन तो बघायला गेला. मामाही गेले, आणि "वळोवन घातला कित्याक? सरळ बांदूंक येयनासलो?" असं विचारून घरी आले. कारापूरला त्यांच्या घरापासून वाळवंटी नदी जवळ आहे. जन्मभर तिला ते गटार म्हणत आले. जेवताना भात मऊ, नाहीतर फडफडीत. माशांचं हुमण पातळ, नाहीतर घट्ट. या दोहोंच्या मध्ये जी एक स्थिती असते ती मामांच्या ताटात कधी आलीच नाही. तरीही ताट मात्र स्वच्छ व्हायचं, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मामांची दुसरी खोड त्यांच्या उजव्या हाताची. त्यांना काही हवं असलं की ते नाव घेत नसत. तळहात वर करून हात नुसता बाजूला धरायचा. जेवताना हात आला म्हणजे मीठ, बाहेर पडताना आला म्हणजे छत्री, देवासमोर आला म्हणजे काडेपेटी. हे सगळं मामींना कळायचं. मामी पेडण्याकडच्या, आगरवाड्याच्या, मिठागरांच्या गावातल्या. बुटक्या, हसऱ्या आणि मामा जे काही म्हणतील ते न ऐकण्यात पटाईत. मला तो हात बघून संताप यायचा. राजेसाहेबांना जीभ हलवायला काय होतं, असं मी नंदाला दर भेटीनंतर गाडीत बसल्या बसल्या विचारायचो.

या हाताचा खरा दरबार भरायचा चवथीला. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, हे गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. छताला लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, बागेतली फळं लोंबत बांधायची. नारळ, सुपारीचे घोस, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, आंबाडे, तोरिंजन, लालभडक कवंडळं, कांगलांचे झुबके, जे जे त्या दिवसांत फळतं ते सगळं. मामांची माटोळी बघायला डिचोलीहून माणसं यायची. मामा शिडीवर, तोंड चौकटीकडे. खाली फळांच्या राशीत मामी. वरून हात खाली यायचा, मामी त्यात एक फळ ठेवायच्या, आणि ते नेमकं मामांना हवं असलेलंच असायचं. ना शब्द, ना खूण. मी एकदा खाली बसून हा प्रकार अख्खा पाहिला. मामा एकदाच बोलले, तेही "काय ही तवशीं, वाकडीं सगळीं," असं. मामींनी पुढचं तवसं दिलं.

मामी गेल्या वर्षी फाल्गुनात गेल्या. वर्षाच्या आत घरात सण नाही, म्हणून गणपती भावकीतल्या घरी नेला. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं, पण मामांनी माटोळीची चौकट उतरवून गोठ्याच्या माळ्यावर टाकली आणि सांगून टाकलं, "पुरे आतां माटोळी. खांदे दुखतात. मुदलांत वेडेपणच तो." पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मला ऐकून बरंच वाटलं. म्हातारपणी शिडीवर चढून हाडं मोडण्यात कसली भक्ती? पण नंदा ढसाढसा रडली. तिचं बालपण त्या माटोळीखाली गेलेलं. ती म्हणाली, "मामांनी माटोळी सोडली म्हणजे मामांनी सगळंच सोडलं. चवथीच्या दिवशी रिकाम्या छताखाली मी त्यांना एकटं बसू देणार नाही. आपण त्यांना बरोबर नेऊ या."

बरोबर म्हणजे कुठे, तर फ्लोरेन्सला. हा मात्र माझ्यावर अन्याय होता. नोकरीतून मोकळा झाल्यावर इटलीतलं ते जुनं कलेचं शहर डोळे भरून पाहायचं आणि पोट भरून खायचं, हे मी पणजीच्या कचेरीत पंख्याखाली बसून वर्षानुवर्षं ठरवत आलो होतो. कुठल्या दालनात सकाळचा उजेड चांगला, कुठल्या खाणावळीत वाल चांगले शिजतात, याचा माझा अभ्यास झाला होता. आणि आता त्या घुमटाखाली माझ्या शेजारी मामा उभे राहणार! मामा येणारच नाहीत, या आशेवर मी हो म्हटलं. मामा आले. "घरांत बसून तरी कितें करूं?" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच आपली बॅग त्यांनी आपल्या हातांनी भरली. स्वेटर विसरले, मोजे विसरले, दाढीचं सामान विसरले; पण मिठाची पुडी आणली. प्लास्टिकमध्ये गच्च बांधलेलं जाडं, करडं आगरवाड्याचं मीठ. मामींनी माहेराहून आणलेल्या शेवटच्या बरणीतलं.

फ्लोरेन्सने मामांवर काय परिणाम केला, हे एका वाक्यात सांगता येतं: काही नाही. तो जगप्रसिद्ध घुमट मान वर करून त्यांनी बराच वेळ पाहिला. माझी छाती फुगली. मग ते म्हणाले, "पावसाआदीं हे नळे कोण परतता?" मी म्हटलं, मामा, इथली कौलं दर वर्षी परतत नाहीत. "म्हणजे गळता," मामा म्हणाले, आणि घुमटाचा विषय संपला. संगमरवराचा तो उंच उघडा तरुण पाहायला जगभरची माणसं रांग लावतात. आम्हीही लावली. मामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, "न्हावन भायर सरलो आनी पंचो मेळना." शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने हे कुठल्या भाषेतलं स्तोत्र आहे अशा आदराने आमच्याकडे पाहिलं. चित्रांच्या दालनांत तर मामांनी कहर केला. आईच्या मांडीवरच्या बाळांची एवढी नाजूक चित्रं, आणि हे प्रत्येक चौकटीपुढे थांबून म्हणतात, "हीं भुरगीं म्हातारीं कशीं गो? दूध मेळना व्हय?" नंदा हसू दाबत पुढच्या दालनात पळाली. मला पळायलाही जागा नव्हती, कारण मामांना बाहेरची वाट सापडत नसे.

आणि एक नवीनच गोष्ट माझ्या ध्यानात आली. जन्मभर ज्या ज्या गोष्टीला मामांनी गावी नावं ठेवली होती, ती ती गोष्ट इथे एकाएकी उत्तम झाली. नदीवरच्या पुलावर सोनारांची दुकानं बघत उभे असताना मामा म्हणाले, "आमची वाळवंटी किती निवळ!" मी थक्क झालो. संध्याकाळी उकडलेल्या पांढऱ्या वालांवर तेल घालून आणलं, मी ते डोळे मिटून खाल्लं, आणि मामांनी दोन दाणे चावून सांगितलं, "हें कितें तोणाक? नंदा, तुझ्या मामीचें अळसांद्याचें तोणाक आठवता मगो? तसलें आख्ख्या मुलखांत ना." त्याच तोणाकात, म्हणजे चवळीच्या रस्सा उसळीत, खोबरं जास्त झालंय म्हणून मामी असेपर्यंत त्यांनी दर वेळी तोंड वाकडं केलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मामांची स्तुती फक्त जवळ नसलेल्या गोष्टीच्याच वाट्याला येते, असा त्याचा अर्थ. अशा माणसाचं काय करावं?

पण खरी लढाई पेटली ती पावावरून. त्या भागातला पाव अळणी असतो. मुद्दामच, ती त्यांची फार जुनी रीत आहे, मी वाचून गेलो होतो. पहिल्या रात्री खाणावळीत पावाची टोपली आली. कडक, तांबूस, देखणा पाव. मामांनी तुकडा तोंडात टाकला आणि चावायचे थांबले. मग, नजर ताटात, उजवा हात बाजूला आला. तळहात वर. त्या बाजूला कोणीच बसलेलं नव्हतं. हात तसाच राहिला. वाढणाऱ्या पोरसवदा बाईला वाटलं, आजोबांना आणखी काही मागवायचंय. तिने त्या हातात पदार्थांचं कार्ड ठेवलं. मामांनी कार्डाकडे पाहिलं, ते हळूच मेजावर ठेवलं आणि म्हणाले, "मीठ ना."

"मामा, इथे पाव अळणीच करतात," मी समजावलं. "रीतच आहे तशी."

"अळणी पावाची रीत कोण घालता? पोदेर विसरलो आसतलो. लज दिसता म्हणून रीत म्हणून सांगता."

"अहो, गावातले सगळेच पाववाले कसे विसरतील?"

"एक विसरलो, ताका कोणेंच सांगलें ना. मागीर सगळेच विसरले," मामा म्हणाले. आमच्याकडे पोदेर सकाळी सायकलवर पाव घेऊन दारात येतो. मीठ कमी-जास्त झालं तर त्याला तोंडावर सांगणं हे गिऱ्हाइकाचं कर्तव्य, असं मामा मानतात. कारापूरचा पोदेर मामांच्या फाटकाशी भोंगा हळू वाजवायचा, तो यामुळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा खोलीत नव्हते. नंदाचा जीव घाबरा झाला. परका मुलूख, भाषा येत नाही, हॉटेलचं नावही धड सांगता येणार नाही. मला मात्र ते कुठे असतील हे ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या पावाच्या दुकानात गेलो, तर नंदाचा जांभळा स्वेटर घातलेले मामा फळीपुढे उभे, पलीकडे कोपरापर्यंत पिठाने माखलेली एक भरभक्कम बाई, आणि दोघांच्या मध्ये मिठाची पुडी. मामा त्यांच्या भाषेत सांगत होते, "मीठ! तुमी मीठ विसरतात!" बाई तिच्या भाषेत काहीतरी ठणकावून सांगत होती. आवाज दोघांचाही सारखाच चढलेला. मी भाषांतर करायला पुढे झालो, तर दोघांनीही मला हाताने बाजूला केलं. शेवटी बाईने एक खडा उचलून जिभेवर ठेवला. मग तिने पावाची जाड चकती कापली, तिच्यावर टोमॅटो घासला, तेल ओतलं, पुडीतलं मीठ चिमटीने पेरलं आणि ती मामांपुढे सरकवून कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

मामांनी ती चकती सावकाश, शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. "तेल ज्यास्त जालां," ते म्हणाले. बाईला शब्द कळले नसावेत, पण रिकामं ताट कळलं. ती पहिल्यांदा हसली.

त्यानंतर मामा रोज सकाळी तिकडे जाऊ लागले. जगातल्या सगळ्या चित्रांवरून दोन मिनिटांत नजर फिरवणारा हा माणूस त्या दुकानात उभा राहून तासभर पाव भाजताना बघायचा आणि येऊन सांगायचा की बाईला काही येत नाही. पुडी तिथेच राहिली होती. नंदाने विचारलं, "मामा, मामीचं मीठ तुम्ही तिला देऊन टाकलंत?" मामा चिडले. "दिलें ना गो. दवरलां तिच्याकडे. विसरता ती."

चवथीच्या दिवशी सकाळी गावाहून भावकीतल्या घरच्या गणपतीचा फोटो फोनवर आला. मामांनी बघायला साफ नकार दिला आणि बघून म्हणाले, "माटोळी कोणें बांदली? एका कुशीक कलल्या." मग दिवसभर नावं ठेवण्यासारखं समोर एवढं पडलेलं, आणि मामा गप्प. आम्ही बाजारात गेलो, संध्याकाळच्या जेवणासाठी लिंबं, अंजिरं, द्राक्षं, तवशी घेतली. पिशवी माझ्याकडे. एका जुन्या चर्चवरून येताना मामा मधेच थांबले. मला वाटलं, दमले. पण ते भिंतीकडे पाहत होते.

दाराच्या वर भाजक्या मातीची, चकचकीत रंग दिलेली एक गोल कमान होती. तिच्याभोवती फळांचा हार. मातीचाच, पण पिवळी लिंबं पिवळीधमक, पानं हिरवीगार, द्राक्षांचे घोस, पाइनची बोंडं, आणि पानांतून डोकावणारी तवशी. सगळी आपापल्या देठांनी घट्ट बांधल्यासारखी. माझ्या अभ्यासात हा हार होता. कारागिराबद्दल दोन वाक्यं मी तोंडपाठ केली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मामा म्हणाले, "माटोळी."

नंदाने माझा दंड धरला.

"नाल्ल ना," मामा वर नारळ शोधत म्हणाले. "सुपारेचो घोस ना. आंबाडे नात. ह्या बोंडांक कितें म्हणटात कोण जाणे. दाट बांदल्या, वारो कसो लागतलो?" मग थोडं थांबून, "तवशें वायट ना."

माझ्या उभ्या जन्मात मामांनी हजर असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल काढलेलं हे सर्वांत मोठं कौतुक. मी नंदाकडे बघून डोळे मिचकावणार होतो. पण मामा एक पाऊल भिंतीजवळ गेले. त्यांची मान वर, नजर त्या हारातल्या एका मोकळ्या जागेवर. आणि त्यांचा उजवा हात मागे, खाली आला. तळहात वर.

रस्ता वाहत होता. माणसं वळसा घालून जात होती. हात तसाच. मला काय सुचलं कोण जाणे, मी पिशवीतून एक लिंबू काढून त्या हातात ठेवलं. मामांनी मागे न बघता अंगठ्याने ते चाचपलं. "हें न्हय," म्हणाले आणि परत दिलं. मी अंजीर ठेवलं. "हें न्हय." द्राक्षांचा घोस ठेवला. तो हातात जरा वेळ राहिला, मला वाटलं जमलं. तोही परत आला. चौथ्या वेळी मी काय ठेवलं हे मलाच आठवत नाही, कारण तेव्हा मामा मागे वळले. हातातल्या फळाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर कशाबद्दलही तुच्छता नव्हती. तो चेहरा मी कधी पाहिलेलाच नव्हता, आणि मला तो अजिबात आवडला नाही.

"तुमी आसात व्हय जांवयबाब," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मीच आहे मामा." नंदा रस्त्याकडे तोंड करून उभी होती. थोड्या वेळाने मामांनी नाक पुसलं, पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "हीं तवशीं कोणें घेतलीं? वाकडीं सगळीं." मला एवढं हायसं वाटलं की मी त्यांना आइस्क्रीम घेऊन दिलं. ते फार थंड निघालं.

यंदा चवथीच्या आधी आठवडाभर मामांचा फोन आला. नंदाला नाही, मला. "जांवयबाब, चवथी आदीं दोन दीस येयात. वेळ करूं नाकात." आम्ही कारापूरला पोचलो तर गोठ्याच्या माळ्यावरची चौकट धुऊन अंगणात वाळत ठेवलेली. रानातली फळं सुपांत काढून ठेवलेली. नंदा पुढे झाली, तर मामा म्हणाले, "तूं सयपाकाक पळय. जांवय रावतलो सकयल. ताका कांय कळना, पूण उबो रावता."

तेव्हा मी आता त्या शिडीखाली उभा राहतो. वरून हात येतो, मी अंदाजाने काहीतरी ठेवतो, आणि "हें न्हय" ऐकून ते परत घेतो. कवंडळ दिलं तर कांगलांचा झुबका हवा असतो, तोरिंजन दिलं तर सुपारी. मी विचारलं, "मामा, नाव सांगा ना. सोपं होईल." मामा चौकटीकडे तोंड करूनच म्हणाले, "तिका कधीं सांगूंक लागलें ना." मी राशीतून एक तवसं उचललं, त्यातल्या त्यात सरळ बघून, आणि वाट पाहत उभा राहिलो. हात खाली आला. मी तवसं ठेवलं. अंगठा त्यावरून फिरला. मामांनी ते वर नेलं, दोर दोनदा फिरवून गाठ मारली, आणि हात पुन्हा खाली आला.